ढग कापसाचा नसतो

माझ्या भाचीच्या बालवाडीत दर जूनमध्ये 'रेनी डे' असायचा. निळ्या कार्डशीटवर कापूस चिकटवायचा, खाली स्केचपेनने तिरक्या रेघा मारायच्या, कोपऱ्यात एक रंगीत छत्री काढायची. झाला पावसाळा. तो कागद ताईने फ्रिजवर लावला होता. मी तिच्या वयाची असताना हेच केलं होतं आणि माझ्या आईनेही तो कागद असाच जपून ठेवला होता. म्हणजे वीसेक वर्षांत फोन बदलले, शाळांच्या फिया बदलल्या, ढग मात्र तोच राहिला.

पुस्तकांची समीक्षा होते, सिनेमांची होते, वेबसिरीजची तर उगवत्या दिवशी होते. पण लहान मुलांना पाऊस शिकवणारे तक्ते, गाणी आणि आकृत्या यांच्याकडे कुणी टीकेच्या नजरेने बघत नाही. 'लहान मुलांचं आहे, चालायचंच' म्हणून सोडून देतो. मीही सोडून दिलं असतं, पण २६ नोव्हेंबर २०२३ चा रविवार आडवा आला.

ताईचं सासर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागायतदारांचं. त्या रविवारी आम्ही सगळे तिथेच होतो. गोडी छाटणी होऊन गेलेली, वेलींवर कोवळे घड. आणि अवकाळी पाऊस आला, पाठोपाठ गारा. पाच वर्षांची भाची अंगणात धावली, वाटीत गारा वेचायला लागली आणि पावसाला बोलावणारं ते सगळ्यांना पाठ असलेलं गाणं मोठ्याने म्हणायला लागली. पडवीत तिचे आबा उभे होते. ते काही बोलले नाहीत. आजी म्हणाली, ''गप गं बाई.'' भाची वाटी घेऊन माझ्याकडे आली. ''मावशी, पाऊस चांगला असतो ना?''

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात हजारो बागांमध्ये तेच चाललं होतं. गारेने पानं फाटतात, घडांना मार बसतो, काडीला जखम झाली की पुढचा हंगामही अडचणीत येतो. वाचलेल्या घडांवर डावणी पसरू नये म्हणून फवारण्या सुरू होतात, त्यांचा खर्च वेगळाच. यातलं काहीच त्या निळ्या कार्डशीटवर नव्हतं. तिला शिकवलेला पाऊस एकच होता, आणि तो कायम चांगला होता.

तर आधी तक्ता. बहुतेक इंग्रजी बालवाड्यांच्या भिंतीवर असतो तो. ऋतू चार: स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. ऑटममध्ये लाल-पिवळी पानं गळतात, विंटरमध्ये गाजराच्या नाकाचा बर्फाचा माणूस असतो. खाली हवामानाचे स्टिकर: सनी, क्लाउडी, विंडी, रेनी, स्नोई. नाशिकची मुलं रोज सकाळी यातला एक स्टिकर निवडतात आणि 'स्नोई' वर्षानुवर्षं कोरा करकरीत राहतो. गंमत म्हणजे भारतीय हवामान विभागही वर्षाचे चारच भाग करतो, पण ते आपले आहेत: जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मान्सून, ऑक्टोबर ते डिसेंबर मान्सूनोत्तर. म्हणजे चार चित्रांची जागा भिंतीवर होतीच, आपण तिथे दुसऱ्यांची चित्रं लावली. निफाडच्या हिवाळ्याला काय चित्र कमी आहे? राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं नाव हमखास असतं. तशा पहाटे पारा फार उतरला की बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. मुलांनी बघितलेला हिवाळा तो आहे. तक्ता त्यांना सांगतो की खरा हिवाळा दुसरीकडे कुठेतरी असतो.

मराठी माध्यमाची बाजू घेणारे इथे खूश होतील. पण आपल्याकडचा माल तपासायचा तर तोही तपासू. व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज दर जूनमध्ये फिरतो: इंग्रजी गाणं पावसाला घालवून देतं, आपलं गाणं त्याला बोलावतं, बघा आपली संस्कृती. ऐकायला छान वाटतं. पण निफाडच्या त्या अंगणात त्या दिवशी इंग्रजी गाणंच खरं होतं. पावसाला 'ये' म्हणायचं की 'जा', हे संस्कृती ठरवत नाही. महिना ठरवतो, शेतात काय उभं आहे ते ठरवतं. दोन्ही गाण्यांत तेवढंच नाही.

याउलट मंगेश पाडगावकरांचं 'सांग सांग भोलानाथ' मला दिवसेंदिवस जास्त आवडायला लागलंय. ते पावसाचं कौतुक करत बसत नाही, ते पावसाबद्दल प्रश्न विचारतं. पाऊस येईल का, शाळेभोवती पाणी साचेल का, सुट्टी मिळेल का? मुलाचा त्यात सरळ स्वार्थ आहे. हवामानाचा अंदाज जगभर असाच विचारला जातो: माझं काम अडणार का, हे आधी सांगा. गदिमांचं 'नाच रे मोरा' (१९५३ च्या 'देवबाप्पा'मधलं, पुलंचं संगीत, आशाबाईंचा आवाज) दुसऱ्या कारणासाठी टिकतं. ते पाऊस समजावून सांगायला जात नाही, बघायला लावतं. वारा, ढग, वीज, थेंब असं एकेक. ज्याला पुढे विज्ञान शिकायचं आहे त्याला बघण्याची ही सवय उपयोगाची आहे. म्हणून माझी तक्रार गाण्यांबद्दल नाही. गाण्याने दिलेलं कुतूहल घेऊन मूल पुढच्या पानावर जातं आणि तिथे त्याला कापूस भेटतो, ही तक्रार आहे.

पुढचं पान म्हणजे जलचक्र. समुद्र, वर सूर्य, बाणांवरून चढणारी वाफ, डोंगर, पाऊस, नदी आणि पुन्हा तोच समुद्र. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, बाणांच्या आकृत्या काढून पोट भरते, त्यामुळे ही आकृती मला फार सुंदर वाटायची. कुठेही न अडकणारा लूप. गेल्या वर्षी भाचीला ती समजावताना मीच अडकले. तिने विचारलं, ''मग गोदावरी कुठल्या समुद्रात जाते?''

आपल्याकडच्या पावसाचे ढग अरबी समुद्रावरून येतात. सह्याद्री चढताना हवा वर जाते, थंड होते आणि घाटमाथ्यावर पाणी ओतते. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या नाशिक शहरात सातशेच्या आसपास, पुढे येवल्याकडे आणखी कमी. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी अरबी समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर जन्मते आणि त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. पाणी जिथून आलं तिथे ती ते परत नेत नाही. पुस्तकातलं वर्तुळ नाशिकमध्ये पहिल्याच वळणावर तुटतं, आणि नाशिकच्या मुलाला ते कुणी सांगत नाही.

त्या आकृतीत आणखी एक गोष्ट नसते: माणूस. २०१९ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये एक अभ्यास आला. संशोधकांनी जगभरातल्या साडेचारशेहून जास्त जलचक्राच्या आकृत्या तपासल्या आणि त्यातल्या सुमारे ८५ टक्के आकृत्यांत माणसाचा पाण्याशी काही संबंधच दाखवलेला नव्हता. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने २०२२ मध्ये आपली जुनी आकृती बदलून शेती, धरणं, शहरं असलेली नवी काढली. आपल्या आकृतीत गंगापूर धरण कुठे आहे? बोअरवेल कुठे आहे? त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर जुलैत धो धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. 'पाऊस पडतो, नदी वाहते, पाणी मिळते' हे वाक्य त्यांच्या मुलांना कसं खरं वाटावं?

आता कापूस. यात मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ही निव्वळ आळशी चूक आहे. कापूस म्हटलं की ढग हलका, कोरडा, एकसंध. प्रत्यक्षात उन्हाळी दुपारच्या मध्यम पुंजक्या ढगात घनमीटरला साधारण अर्धा ग्रॅम पाणी असतं. ढग एक घन किलोमीटरचा धरला तर झालं पाच लाख किलो. हे ऐकल्यावर भाचीने तोच प्रश्न विचारला जो कापसाने कधी पडू दिला नसता: ''मग पडत का नाही?'' कारण थेंब अतिशय बारीक असतात, मिलिमीटरचा पन्नासावा भाग वगैरे. ते पडतातच, पण सेकंदाला जेमतेम सेंटिमीटरभर, आणि खालून वर येणारी हवा त्यांना झेलत राहते. असे साधारण दहा लाख थेंब एक झाले की पावसाचा एक मोठा थेंब होतो. मग हवेला झेपत नाही.

पुस्तकांतल्या ढगात अजून एक वस्तू गाळलेली असते: धूळ. वाफ थंड झाली की पाणी होतं, एवढंच लिहिलेलं असतं. पण वाफेला जमायला बारीक कण लागतो, मिठाचा, धुळीचा, धुराचा. स्कॉटलंडच्या जॉन एटकिनने १८८० च्या सुमारास हे प्रयोगाने दाखवलं. घरी करता येतं. बरणीत गरम पाणी, झाकणावर बर्फ: आत फिकट धुकं. झाकण क्षणभर उचलून उदबत्तीचा धूर आत सोडा: दाट ढग. भाची किंचाळली होती. स्विस मानसशास्त्रज्ञ प्याजेने १९२६ च्या त्याच्या पुस्तकात नोंदवलंय की लहान मुलं ढग धुराड्यांच्या धुरापासून होतात असं सांगतात. आपण हसतो. पण मुलांचं उत्तर कापसापेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

आणि हे आपल्याकडे कधीच लिहून झालेलं आहे. 'मेघदूता'त यक्ष ढगाला निरोप सांगण्याआधी कालिदास नोंद करतो की ढग म्हणजे धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचं मिश्रण. असल्या निर्जीव वस्तूने निरोप कसा न्यायचा? आणि मग म्हणतो, प्रेमात पडलेल्याला हा फरक कुठला कळायला. जिनसांची यादीही आहे आणि काव्यही आहे, एकाने दुसऱ्याचं काही बिघडवलेलं नाही. 'लहान मुलांना खरं सांगितलं तर गंमत जाईल' म्हणणाऱ्यांना माझं उत्तर हे आहे.

खरं न सांगण्याची किंमतही असते. 'ढग एकमेकांवर आपटतात म्हणून गडगडतं' असं अजून कितीतरी घरांत सांगतात. हे मानणाऱ्या मुलाला गडगडाट म्हणजे वरचं भांडण, आपला काय संबंध? वीज हवेला क्षणात प्रचंड तापवते, हवा स्फोटासारखी फुगते, तो आवाज. लखलखाटानंतर आकडे मोजायचे: तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. आकडे कमी होत गेले की खेळ थांबवून घरात यायचं, झाडाखाली जायचं नाही. सहा वर्षांच्या मुलीला हे जमतं. महाराष्ट्रात दरवर्षी शेतात, झाडाखाली माणसं वीज पडून मरतात. त्यामुळे हे शिकवणं 'ॲक्टिव्हिटी' म्हणून नको, रस्ता ओलांडायला शिकवतो तसं हवं.

मोठे होऊनही आपण त्या स्टिकरमधून सुटत नाही. फोन काढून बघा. ढग आणि खाली तीन थेंब. भुरभुर असो की ढगफुटी, चिन्ह तेच. आम्हीच बनवतो असली चिन्हं, आणि मीटिंगमध्ये 'युजरला सोपं हवं' म्हणतो. त्याच्या तुलनेत रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती मला जास्त प्रामाणिक वाटतो. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला की डोक्यावरून? २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टात तो पाण्याखाली गेला, तेव्हा पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना पूर किती मोठा आहे ते आकड्याशिवाय कळलं. वर त्र्यंबकला किती पडतोय, गंगापूरमधून किती सोडलंय, हे सगळं त्या एका मूर्तीवर वाचता येतं. नाशिकच्या एखाद्या बालवाडीच्या भिंतीवर तो का नसावा?

या पावसाळ्यात मी आणि भाचीने आमचा तक्ता केला. ती आता दुसरीत आहे. रोज संध्याकाळी पाच वाजता गच्चीवर जायचं, त्र्यंबकच्या बाजूला बघायचं, दिसेल तो ढग काढायचा, उद्याचा अंदाज लिहायचा. दुसऱ्या दिवशी बरोबर की चूक अशी खूण. माझे अंदाज तिच्याहून फार बरे नव्हते, हे तिने सगळ्यांना सांगितलं आहे. कित्येकदा आम्ही कंटाळलो, काही दिवसांची पानं कोरी आहेत. मी तीन रकाने आखले होते. चौथा तिने स्वतः, न विचारता, वाकड्या पट्टीने आखला आणि वर लिहिलं: 'कोणाला हवा होता?'

ऑक्टोबरमधल्या एका पानावर काळा, उंच, वर ऐरणीसारखा सपाट झालेला ढग आहे. पाऊस: आला. अंदाज: बरोबर. शेवटच्या रकान्यात तिच्या अक्षरात आहे: 'मला. आबांना नाही.'