जॉनीचे वाचन आणि आपली मुले

रुडॉल्फ फ्लेश यांचे ‘व्हाय जॉनी कान्ट रीड’ हे पुस्तक अमेरिकेत १९५५ साली प्रसिद्ध झाले. मुलांना इंग्रजी शब्द चित्रांप्रमाणे नजरेने ओळखावयास लावण्याच्या तत्कालीन पद्धतीवर त्यांनी कडाडून हल्ला चढविला आणि अक्षरांचे ध्वनी आधी शिकवावेत, असा आग्रह धरला. जीन चॉल यांच्या १९६७ सालच्या साक्षेपी ग्रंथानेही आरंभीच्या ध्वनिशिक्षणाचाच पक्ष उचलून धरला. बाराखडीवर वाढलेल्या आम्हांस ही भूमिका पटावी, हे स्वाभाविकच होय.

तथापि फ्लेश यांचे एक गृहीत आपल्या घरांस लागू पडत नाही. जॉनीने अक्षरे जुळवून ‘हेन’ असा उच्चार केला की अर्थ त्यास आपोआप उमगतो. कारण तो शब्द त्याच्या कानांवरून कितीदा तरी गेलेला असतो. मराठी मुलाच्या हाती नुसता ध्वनी येतो, कोंबडी दूरच राहते. म्हणून इंग्रजी वाचन लवकर शिकवावयाचे तर ती भाषा त्याआधी कानी पडावयास हवी. आणि अक्षरातून ध्वनी व ध्वनीतून अर्थ, हे वाचनाचे मर्म मुलास प्रथम मराठीतच गवसावे. बदलीच्या गावी मराठी शाळा सहसा नसते. तेव्हा हे काम आपणा पालकांचेच ठरते.