इतिहासाचे पाठ आणि समाजमाध्यमांचे सांचे

इतिहासाचा पाठ मुलांस रुचावा म्हणून शिक्षकवर्गांत अलीकडे एक युक्ति सुचविली जाते. एखाद्या ऐतिहासिक पुरुषाचें फेसबुकवरील पान मुलांनीं कल्पावें, दोघां मुत्सद्द्यांचें व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण रचावें, किंवा एखादी मोहीम मिनिटभराच्या रीलमध्यें बसवावी, अशी ती युक्ति आहे. मुलें या कामास आनंदानें लागतात यांत शंका नाहीं. आणि जेथें सनावळीच्या पाठांतरालाच इतिहास म्हणतात, तेथें एवढा आनंदहि थोडा नव्हे. परंतु आनंद हें प्रमाण नव्हे. या सांच्यांतून मुलांच्या पदरीं इतिहास किती पडतो हें पाहण्यासाठीं वाडी रत्नागिरीचें, म्हणजे जोतिबाच्या डोंगराचें, उदाहरण घेतों.

जोतिबाचें सध्यांचें मुख्य देऊळ राणोजी शिंदे यांनीं 1730 मध्यें बांधिलें, असें 1886 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरांत नमूद आहे. विद्यार्थ्यास राणोजींचें पान रचावयास सांगितलें तर तो काय करील? डोंगरावरचें एक सुबक छायाचित्र घेईल, खालीं 'नवें देऊळ पुरें झालें' असें लिहील, चौघांकडून 'चांगभलं' वदवील आणि मोकळा होईल. पण त्या छायाचित्रांत शेजारचीं शिखरेंहि येतात. त्यांपैकीं केदारेश्वराचें देऊळ दौलतराव शिंद्यांनीं 1808 मध्यें बांधिलेलें, व रामलिंगाचें 1780 च्या सुमाराचें, असें त्याच ग्रंथांत आहे. राणोजी वारले 1745 मध्यें. म्हणजे जीं शिखरें त्यांनीं जन्मांत पाहिलीं नाहींत, तीं त्यांच्याच पानावर त्यांच्याच नांवें झळकणार. चित्र सुरेख असलें कीं हा दोष पुष्कळदां गुणांच्या बेरजेंत बुडून जातो.

याहून मोठी अडचण 'मित्रां'ची आहे. राणोजी हे बाजीराव पेशव्यांचे, पर्यायानें सातारकर शाहू छत्रपतींचे सरदार. डोंगर मात्र पन्हाळ्याच्या अगदीं नजरेंतला. आणि पन्हाळा ही तेव्हां कोल्हापूरकर संभाजी महाराजांची राजधानी. हीं दोन्ही घराणीं 1730 मध्यें हातघाईवर आलेलीं होतीं. वारणेचा तह झाला तो 1731 मध्यें. मग परपक्षाच्या राजधानीशेजारीं सातारच्या सरदाराचें देऊळ कसें उठलें, कोणाच्या संमतीनें उठलें, कुलदैवताच्या भक्तीला अशा वैरांत कितपत मोकळीक असे? खरा इतिहास या प्रश्नांत आहे. 'आवडलें' म्हणून अंगठा दाखविणाऱ्या चार कल्पित मित्रांच्या यादींत तो प्रश्न उद्भवतच नाहीं.

संभाषणाचा सांचा तर जुन्या पत्रव्यवहाराच्या मुळावरच येतो. आपल्या कागदांत मायन्यावरून लिहिणाराचा दर्जा कळतो. धन्यास लिहितांना 'सेवेसी विज्ञापना', बरोबरीच्यास 'राजश्री गोसावी यांसि', चाकरास आज्ञा. एवढ्यावरून, मजकूर वाचण्यापूर्वीं, कोण कोणापुढें वांकला आहे हें समजतें. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत सर्व एकाच रांगेंत बसतात. बालविद्यार्थ्याचा राणोजी बाजीरावास 'अरे, केव्हां येतोस?' असें विचारतो आणि वर्ग हंसतो. हंसण्याबद्दल माझी तक्रार नाहीं; अठराव्या शतकांतील चाकरी म्हणजे काय हें त्या हंसण्यांत विरून जातें, एवढीच आहे.

कालगणनेचेंहि तसेंच. यंत्र संदेशावर वेळ आपोआप घालतें. मोडी कागदावर 'छ' लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र असतो व शुहूर सन अरबी शब्दांत असतो. सलासीन मया व अलफ म्हणजे 1130. त्यांत मृगानंतरच्या महिन्यांस 599 व जानेवारीपुढच्यांस 600 मिळवावे लागतात. म्हणून इसवी 1730 हें एक वर्ष शुहूर 1130 आणि 1131 अशा दोन सनांत विभागलें जातें. चौदा वर्षांच्या मुलास हा हिशेब जड जात नाहीं. क्रिकेटच्या सरासऱ्या तो याहून अवघड काढतो.

आटोपशीरपणा हा मात्र दोष नव्हे. मुद्रा ही दोन ओळींचीच असते. शिंद्यांच्या मुद्रांतून ज्योतिस्वरूपाच्या चरणांचा उल्लेख येतो, आणि तेवढ्यांत धन्याचें नांव, बापाचें नांव व दैवत हीं तिन्ही मावतात. वीरगळ तर अक्षरावांचूनहि बोलतो. पण मुद्रा ज्याची त्याचीच असते, आणि वीरगळ जेथें उभा केला त्या गांवाचा असतो. रीलला ठिकाण नाहीं आणि धनीहि नाहीं. अंगुळीच्या एका फटकाऱ्यानें ती जाते व तिच्या जागीं दुसरें कांहीं येतें.

नवीं साधनें वाईट, असा याचा अर्थ कोणी करूं नये. परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 चें ग्लोबल टीचर पारितोषिक मिळालें. त्यांनीं पाठ्यपुस्तकास क्यूआर संकेत जोडले. तेथें पुस्तक पुस्तकच राहिलें व त्याला बाहेर जाण्याचें एक दार मिळालें. इतिहासाच्या पाठांतहि हाच मार्ग बरा. खोटें पान रचण्याऐवजीं एक खरें मोडी पत्र मुलांपुढें ठेवावें, त्याचा आजच्या संदेशांत तर्जुमा करावयास सांगावें, आणि तर्जुम्यांत मायना, मिति, शिक्का, 'मोर्तब सुद' यांपैकीं काय गळालें त्याची टीप त्यांच्याकडूनच लिहून घ्यावी.

अशीं पत्रें शाळांस कोठून मिळावीं? येथें प्रस्तुत त्रैमासिकाच्या वाचकांशींच थोडें बोलणें आहे. ज्यांच्या संग्रहीं रुमाल आहेत त्यांपैकीं कित्येक सद्गृहस्थ आपल्या कागदांचीं छायाचित्रें इन्स्टाग्रामवर घालतात. पण समास कातरलेला, पाठपोट वगळलेली, दप्तराचें नांव नाहीं, शिक्का तेवढा मोठा करून दाखविलेला. असा तुकडा शिक्षकाच्या उपयोगी पडत नाहीं आणि संशोधकाच्याहि नाहीं. संपूर्ण फर्दाचें, दोन्ही बाजूंचें, शेजारीं मोजपट्टी ठेवून घेतलेलें छायाचित्र व त्याखालीं रुमालाचा क्रमांक आणि बाळबोध नक्कल, इतकें प्रत्येक संग्राहकानें वर्षास एका कागदापुरतें जरी केलें, तरी राणोजींच्या तोंडीं कल्पित वाक्यें घालण्याची पाळी शिक्षकांवर येणार नाहीं.