रंगभूषा यथोचित

नाट्यपरीक्षणात रंगभूषेची बोळवण शेवटच्या ओळीत होते : 'रंगभूषा यथोचित.' आमच्या सिंधुदुर्गातल्या दशावतारावर लिहिणारेही संकासुराबद्दल, पखवाजाबद्दल, आयत्या वेळी सुचणाऱ्या संवादांबद्दल भरभरून लिहितात. ज्या चेहऱ्यावर हे सारे घडते त्याचे सकाळी काय झाले, ते कोणी विचारीत नाही. आम्ही पडलो बँकेतले कारकून! जमा दिसली की नावेची बाजू शोधायची खोड. तेव्हा हे परीक्षण कातडीच्या बाजूने.

दशावतारी नट आपला रंग आपणच लावतो. गॅसबत्त्या गेल्या, विजेचे दिवे आले. घाम मात्र तोच. जत्रांच्या हंगामात रात्रीमागून रात्र तोंडावर थर चढतात. त्वचेच्या छिद्रात तेल आणि मेलेल्या पेशी तुंबल्या की मुरूम उठतो. पगाराच्या दिवशी काउंटर एकच उघडा असावा, तसा प्रकार. १९७२ साली क्लिगमन आणि मिल्स या अमेरिकन संशोधकांनी प्रसाधनांमुळे उठणाऱ्या मुरमांवर निबंधच लिहिला.

कुठली वस्तू छिद्रे बुजवते, हे सशाच्या कानावर लावून पाहत. पुढे कळले, की सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा फार हळवा! डबीवरच्या 'नॉन-कॉमेडोजेनिक', म्हणजे छिद्रे न बुजवणारे, या शब्दाला आजही एकच सर्वमान्य कसोटी नाही. हा शब्द पाहूनच डबी घ्यावी. पण त्याला शिफारसपत्र समजावे, हमीपत्र नव्हे. नवी वस्तू आधी जबड्याच्या कडेला थोडी लावून पाहावी. जळजळ लगेच कळते, मुरूम मात्र काही आठवड्यांनी हजर होतात. थर पातळ असावा. ब्रश आणि पफ वरचेवर धुवावेत, आणि उसने देऊ नयेत. (हे शेवटचे बँकेच्या अनुभवावरून.)

रंग काढताना कोकणी हात खोबरेलाकडे जातो. मालवणात राहून माडाविरुद्ध बोलणे म्हणजे धाडसच. पण छिद्रे बुजवणाऱ्यांच्या याद्यांत खोबरेलाचा नंबर बराच वरचा आहे. तेलाने रंग सुटतो खरा, पण मागे राहिलेले तेल सौम्य फेसवॉशने धुतलेच पाहिजे. एका जुन्या नटाने मला सांगितले, "भाऊ, रंग लावूक सगळ्यांका येता, काढूक येवक व्हया." रंगभूषेवर याहून नेमके परीक्षण माझ्या वाचनात नाही.

आमच्या शेजारची सतरा वर्षांची मुलगी मुरमांपायी मावशीच्या लग्नाला जायला तयार नव्हती. घरच्यांनी बटाटेवडे बंद केले, वर 'पावडरसुद्धा लावू नकोस' म्हणून बजावले. माझे मत उलटे. पोरीला रंग लावू द्या, फक्त झोपण्यापूर्वी तो उतरवायला लावा. मुरूम दुखत असतील, खड्डे पाडत असतील, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. आणि वड्यांवरची बंदी आधी उठवा; लग्नाला जायला थोडा उत्साहही लागतो!