‘निवडी’ची संहिता आणि सरकारी शाळा : मानेसरच्या संदर्भात

शालेय निवडीचा वाद सामान्यतः अर्थकारणाच्या अंगाने मांडला जातो. परंतु ‘निवड’ ही एक कथनरचनाही आहे. तिच्यात निवड करणारे कुटुंब नायकस्थानी असते आणि मागे राहिलेला वर्ग पार्श्वभूमीत जातो.

हरियाणातील नियम १३४-अ नुसार खासगी शाळांना गरीब विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखाव्या लागत. २०२२ मध्ये तो रद्द झाला आणि ‘चिराग’ योजना आली. स्वेच्छेने सहभागी होणाऱ्या खासगी शाळेला इयत्तेनुसार दरमहा ७०० ते १,१०० रुपये शासनाने द्यावयाचे; विद्यार्थी मात्र सरकारी शाळेतूनच आलेला हवा. म्हणजे या संहितेत सरकारी शाळा ही सोडून जाण्याची जागा ठरते. मानेसरच्या कारखान्यांत कंत्राटी कामावर आलेल्या पालकांची निवड कागदपत्रे, प्रवासखर्च आणि कामाच्या पाळ्या यांनी आधीच आखलेली असते, याची दखल ती घेत नाही.

साकेत चौधरी दिग्दर्शित ‘हिंदी मीडियम’ (२०१७) या दिल्लीत घडणाऱ्या चित्रपटात श्रीमंत दांपत्य गरिबीचे सोंग घेऊन राखीव जागा मिळवते आणि पश्चात्तापाने सरकारी शाळेला मदत करते. उपहास नेमका आहे. शेवट मात्र सार्वजनिक प्रश्नाचे रूपांतर वैयक्तिक सदसद्विवेकात करतो. शाळा सुधारते ती दात्याच्या औदार्याने, नागरिकाच्या हक्काने नव्हे.

याउलट, जोतीराव फुले यांचे १८८२ चे हंटर आयोगापुढील इंग्रजी निवेदन पाहावे. त्याचा केंद्रबिंदू पालक नसून महसूल भरणारी रयत आहे. तिच्या श्रमातून जमणारा पैसा उच्चवर्गीयांच्या शिक्षणावर खर्च होतो, हा त्यातील मूळ आक्षेप. म्हणून किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी ते करतात. शासनाने शिक्षणातून अंग काढून घेण्यासही विरोध करतात. १८४८ मध्ये पुण्यात स्वतः मुलींची शाळा काढणाऱ्या फुल्यांचा खासगी प्रयत्नांना तात्त्विक विरोध असणे संभवत नाही. त्यांचा आग्रह दायित्व कोणाचे, याविषयी होता.

सरकारी शाळेविषयीचे पालकांचे असमाधान खोटे नाही, त्यामुळे ‘निवड’ ही केवळ फसवी कल्पना म्हणून बाजूला सारता येत नाही. तथापि चित्रपट आणि योजना या दोन्ही संहिता जाणाऱ्या मुलाची कथा सांगतात. त्याच्या रिकाम्या जागेशेजारी बसून राहिलेल्या मुलाला निवेदक मिळालेला नाही. तौलनिक समीक्षेने यापुढे त्याचाही शोध घ्यावयास हवा.