गाडी कोण हाकतो?

६ एप्रिल १९०९ रोजी आपण उत्तर ध्रुवावर पोहोचलो, असा दावा रॉबर्ट पिअरीने केला. तो दावा पुढे वादात सापडला. त्याच्यासोबत पाच जण होते. मॅथ्यू हेन्सन हा कृष्णवर्णीय सहकारी आणि चार इनुइट. कुत्र्यांच्या गाड्या हाकण्यात हेन्सन तरबेज होता, तरी डंका वाजला पिअरीचा. सायमन श्वार्ट्‌झ या जर्मन चित्रकाराने ‘पाकआइस’ (२०१२) या चित्रकादंबरीत हेन्सनला मध्यभागी आणलं आणि इनुइट दंतकथेचा धागा त्याच्या गोष्टीत गुंफला.

आपल्याकडे या जातकुळीचं काम बाबासाहेब आंबेडकरांवरच्या ‘भीमायन’ (२०११) या चित्रकादंबरीने केलं. इथे गाडी हाकणारा वगळला जात नाही, तोच नकार देतो. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेला छोटा भीम सोबतच्या पोरांसह मसूर स्टेशनवर उतरतो. जात कळताच गाडीवान बसायला तयार होत नाही. दुप्पट भाडं घेऊन तो पायी चालतो, गाडी पोरांनीच हाकायची! १९२९ला चाळीसगावातही टांगेवाल्यांनी नकार दिला, नवख्या हाताने टांगा हाकला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला.

दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी या प्रसंगांना चौकटीत कोंबायचं नाकारलं. मायेचे बोल पाखराच्या आकाराच्या फुग्यात येतात, जातीचं विष विंचवाच्या नांगीतून. विंचवाची नांगी दिसली की वाचण्याआधीच अंग आक्रसतं. हे शब्दांना जमलं नसतं. अमर चित्रकथेने १९७९ साली ‘बाबासाहेब आंबेडकर’ काढलं, त्याचं मोल मोठंच. पण तिथला नायक संकटं पार करत वर चढतो. व्याम दांपत्याच्या पानांवर माणसाइतकंच महत्त्व तहानेला आणि पाण्याला आहे.

‘भीमायन’च्याच वर्षी जोतीराव फुल्यांच्या ‘गुलामगिरी’वर श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांचं ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ आलं. जोतीरावांनी १८७३ साली मूळ ग्रंथ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केला होता, त्यामुळे वर्ण आणि जात यांची सांगड इथे ओढूनताणून वाटत नाही. चित्रं मात्र अनेकदा युक्तिवादाच्या मागे फरफटतात.

ही दोन्ही पुस्तकं मुळात इंग्रजीत लिहिली गेली, याची खंत वाटते. आपल्या भाषांत असं काम करायला विषय जवळच आहे. आमच्या वाशीम जिल्ह्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. तिथे २०२४ साली बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं. १८०३मध्ये आडगाव आणि गाविलगडच्या लढाया इंग्रज सेनापती वेलस्लीच्या नावावर जमा झाल्या. त्याच्या फौजेला धान्य पुरवणारे बंजाऱ्यांचे बैलतांडे तळटीपेत गेले. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आधारे बंजाऱ्यांच्या काही गटांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. लदेणीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून केलेल्या वाहतुकीच्या, या प्रवासावर चित्रकादंबरी व्हायला हवी. तिच्या फुग्यांत बंजाऱ्यांची गोरबोली हवी, मराठी अर्थ पानाच्या तळाशी चालेल. वेलस्लीला एखादं चित्र पुरे.