'कोसला'तील महाविद्यालय : एक दृष्टिक्षेप

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला' (१९६३) या कादंबरीची चर्चा बहुतांशी अस्तित्ववादाच्या अंगाने झाली. तिच्यातील महाविद्यालयाकडे तुलनेने कमी लक्ष गेले. खानदेशातील सांगवीहून पुण्यास आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृह, मेसचा कारभार, रात्रीची भटकंती यांत रमतो, वडिलांचा पैसा उधळतो आणि अखेर पदवीविना गावी परततो. तो वाया गेला, हा निष्कर्ष सोपा आहे. परंतु त्याच्या निवेदनात वर्गातील अध्यापनाला फारच थोडी जागा मिळते, ही बाब अध्यापकवर्गाने तरी हसण्यावारी नेऊ नये. धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूने तो कोसळतो, तेव्हा महाविद्यालयात शिकलेले काहीच त्याच्या कामी येत नाही. पुढे हीच कादंबरी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत नेमली गेली आणि पांडुरंगाच्या अपयशावर गुणांचे प्रश्न निघू लागले.