रेघोटी, गिरविणे आणि लिहिणे

‘रेघोट्या ओढणे’ हा मराठीत प्रशंसेने उच्चारला जाणारा शब्दप्रयोग नव्हे. रेघ या शब्दाचे हे लघुत्वदर्शक रूप. खरडणे, गिचमीड, फराटे ही त्याची शेजारमंडळी, आणि त्या सर्वांतच हेटाळणीची छटा आहे. उलट ‘गिरविणे’ हा शब्द शाळेतला, सदाचारी. दोन्ही क्रियांत हात तोच व पाटीही तीच. भेद एवढाच, की गिरविताना रेषा कोठे जाणार हे आधी ठरलेले असते, रेघोटीत ते ठरलेले नसते. इंग्रजीतील ‘डूडल’ शब्दाचे कुळही फारसे मानाचे नाही. तो पूर्वी मूर्खवाचक होता. आजचा अर्थ त्याला विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात चिकटला, आणि १९३६ च्या ‘मिस्टर डीड्स गोज टु टाउन’ या चित्रपटातील न्यायालयाच्या प्रसंगाने तो लोकांच्या तोंडी बसविला. शब्दातील हेटाळणी ही मात्र वस्तूची परीक्षा नव्हे.

रेघोटीची कलेतील सर्वांत बोलकी साक्ष रवींद्रनाथ ठाकुरांच्या हस्तलिखितांत सापडते. कवितेतील शब्द किंवा ओळ नकोशी झाली, की ती नुसती छाटून ते थांबत नसत. खोडलेल्या दोन जागा एका रेषेने जोडल्या जात. त्या रेषेला कोठे चोच फुटे, कोठे शेपूट, कोठे डोळा. आणि कवितेच्या कुशीत एखादा अनोळखी प्राणी उभा राही. १९२४ च्या अखेरीस अर्जेंटिनातील मुक्कामात ‘पूरबी’च्या वहीतील ही खाडाखोड व्हिक्टोरिया ओकाम्पो यांच्या नजरेस पडली. १९३० च्या मे महिन्यात पॅरिसच्या पिगाल दालनात रवींद्रनाथांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले, त्यामागे ओकाम्पोंचाच पुढाकार होता. कवी तेव्हा एकोणसत्तरीच्या उंबरठ्यावर होते. पुष्किनच्या वह्यांत माणसांच्या बाजूने काढलेल्या मुद्रा आहेत, दस्तयेव्हस्कीच्या टिपणांत गॉथिक कमानी आहेत. परंतु त्या मजकुराच्या शेजारी नांदतात. रवींद्रनाथांची रेघोटी मजकूर खाऊन वाढते. शब्दाचा अर्थ मावळल्यावर उरलेल्या शाईचे काय करावयाचे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. त्यांच्या पुढील स्वतंत्र चित्रांत पुष्कळदा एक गंभीर पवित्रा येतो. वहीतील खाडाखोडीला तो ठाऊक नाही, आणि तिची मोहकता त्यातच आहे.

या यशाचा एक अनिष्ट परिणाम असा झाला, की अशिक्षित हाताची कोणतीही रेषा ‘मुक्त’, ‘भोळी’, ‘सहजस्फूर्त’ ठरविण्याची समीक्षेला सवय लागली. सातपुड्याच्या आसमंतातील आदिवासी भित्तिचित्रांच्या वाट्याला ही विशेषणे वारंवार आली आहेत. ती चुकीची आहेत, आणि त्यांची चूक भाषेच्या अंगाने दाखविता येते.

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. पलीकडे अलीराजपूर आणि छोटा उदेपूरचा मुलूख लागतो. तेथील राठवा, भिलाला व भिल्ल घरांत पिठोरा भिंतीवर अवतरतो. नवस फेडावयाचा असतो. भिंत शेणामातीने सारवून पांढऱ्या मातीने पोतारली जाते. रंगांत दूध व मोहाची दारू मिसळतात. चौकटीच्या आत देवांचे घोडे ओळीने चालू लागतात. दूरच्या प्रेक्षकाला त्यांतील ठिपके, नागमोडी रेषा व त्रिकोण हे हाताचे खेळ वाटतील. पण ही चित्रे काढणाऱ्यांना ‘लखारा’ म्हणतात, म्हणजे लिहिणारे. काम संपल्यावर अंगात आलेला बडवो ते चित्र घोड्याघोड्याने तपासतो. काही राहिले असेल तर दाखवितो, आणि ते पुरे करावे लागते. ज्या रेषेत चूक निघू शकते, ती रेघोटी नव्हे.

हा शब्दप्रयोग एकाकी नाही. ठाणे-पालघरच्या वारल्यांत लग्नाचा चौक काढीत नाहीत, ‘लिहितात’. जुन्या मराठीतही चित्र लिहिले जाई. संस्कृत ‘लिख्’ धातूचा मूळ अर्थच ओरखडणे. अक्षर आणि चित्र हे दोन्ही त्या ओरखड्याचे नंतरचे वारस. मोडीचा लेखक पानभर आडवी रेघ आधी ओढून घेई, मग बोरू शक्यतो न उचलता तिला अक्षरे लटकवीत जाई. तिथे अक्षर व रेघोटी यांच्यातील अंतर कितीसे होते, हे जुने दप्तर हाताळणाऱ्यास सांगावयास नको.

तेव्हा रेघोटी आणि लिखित यांतील भेद आकारात शोधणे व्यर्थ आहे. नागमोडी रेषा दोन्हीकडे असते. भेद वाचकाच्या अपेक्षेत आहे. पिठोऱ्यात रेषेला वाचणारा आधीच ठरलेला असतो. रवींद्रनाथांच्या वहीत वाचकासाठी लिहिलेले अक्षर वाचकाच्या हातून सुटते. रेघोटी या दोन प्रवासांच्या मधल्या पट्ट्यात राहते. तिला अर्थ नाही असे नव्हे. तिच्याकडे अर्थ अजून कोणी मागितलेला नसतो.

अलीकडे रेघोटीचे समर्थन तिच्या उपयुक्ततेवरून करण्याची रीत पडली आहे. मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांच्या प्रयोगात कंटाळवाणा निरोप ऐकताना हात चालविणाऱ्यांना इतरांहून २९ टक्के अधिक आठवले, हे सर्वत्र सांगितले जाते. प्रयोगात ४० जण होते, आणि त्यांतील निम्म्यांना कागदावर छापलेले आकार छायांकित करावयास सांगितले होते, हे सांगितले जात नाही. सांगून भरलेला छापील चौकोन म्हणजे गिरविणेच की! त्यावरून रेघोटीविषयी काही सिद्ध होत नाही.

भाषाविज्ञानाला याहून जवळची वाट उपलब्ध आहे. रोमान याकोबसन यांनी १९४१ साली असे मांडले, की मुलाची बडबड आणि त्याची भाषा यांत खंड असतो. बडबडीतील ध्वनी सोडून देऊनच मूल भाषेत शिरते. १९७० नंतरच्या निरीक्षणांनी हे मत टिकू दिले नाही. पहिले शब्द बडबडीतल्याच ध्वनींतून घडतात असे दिसून आले. रेघोटी आणि अक्षर यांचा संबंध याच धर्तीवर तपासावयास हवा. रोडा केलॉग यांनी १९६९ च्या ग्रंथात बालकांच्या रेघोट्यांचे २० मूळ प्रकार सांगितले, परंतु त्यांचा रोख चित्राकडे होता, लिपीकडे नव्हता.

नंदुरबारात या प्रश्नाला धार येते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांतील मूल घरी पावरी किंवा भिली बोलते आणि शाळेत मराठी अक्षरे गिरविते. भाषा परकी व लिपीही परकी. पाटीवर त्याचे स्वतःचे असे रेघोटीच काय ते असते, आणि ओल्या फडक्याने पहिल्यांदा तीच पुसली जाते. गोव्यात लोटलीच्या घरी मारिओ मिरांडा यांनी लहानपणी भिंती रंगविल्या, तेव्हा आईने त्यांना कोरी वही आणून दिली. पाड्यावरच्या मुलासाठी अशी वही निघाली, तर गिरविण्यास आरंभ होण्यापूर्वीची व नंतरची पाने शेजारी ठेवून कोणते वळण अक्षरात उतरले आणि कोणते गळाले, हे पाहता येईल. वही नसेल तेथे पाटी पुसण्यापूर्वी तिचे छायाचित्र घेतले, आणि त्यासोबत मुलाचे वय व घरची बोली नोंदविली, तरी कामास लागता येईल.